बंद करायलाही ऐपत लागते

प्रश्न थोडक्यात असा. दादरच्या एक ताई मैत्रिणीबरोबर भागीदारीत नऊ वर्षं मुलांचं मराठी त्रैमासिक चालवतात. ११५० वर्गणीदार आहेत, वर्गणी वर्षाला ६०० रुपये, आणि दरवर्षी साधारण दोन लाख दहा हजारांची तूट येते. चार वर्षांपूर्वी त्यांनी इंग्रजी माध्यमाच्या शाळांसाठी मराठीच्या कार्यपुस्तिका काढायला सुरुवात केली. हे काम त्यांचं एकटीचं. यंदा १४ शाळांनी पुस्तिका घेतल्या, पुढच्या वर्षासाठी तीसेक शाळा विचारताहेत. त्रैमासिकाची तूट या कामातून भरली जाते, आणि आता दोन्ही झेपत नाही. त्यांचे प्रश्न तीन: त्रैमासिक बंद करावं की कसंतरी चालू ठेवावं? मैत्रिणीला बंद करायचं नाही, तिला कसं सांगू? आणि जी मुलं पोस्टकार्डं पाठवतात त्यांना काय सांगू?

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. त्रैमासिक बंद करा, आणि येत्या दिवाळी अंकाने बंद करा. आणखी एक वर्ष बघू, असं म्हणू नका. एक वर्षाने ते नीट बंद करण्याइतके पैसे तुमच्याजवळ नसतील.

मी बेचाळीस वर्षं छपाईच्या धंद्यात आहे. या काळात बरीच मासिकं, नियतकालिकं, हौशी प्रकाशनं माझ्या टेबलावरून गेली. त्यातली बहुतेक बंद पडली. पडली असंच म्हणतो, कारण ठरवून, हिशेब चुकता करून बंद केलेली मोजकी. बाकीच्यांचा एक अंक उशिरा आला, मग जोडअंक आला, मग वर्षभर काहीच नाही, आणि संपादकांनी फोन उचलणं बंद केलं. त्या माणसांना लबाड म्हणायची माझी हिंमत नाही. ती जीव तोडून काम करणारी माणसं होती. पण सुरू करायला जशी ऐपत लागते तशी बंद करायलाही लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

गिरगावात आमचा खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना होता. वडिलांनी उभारलेला. दोन ट्रेडल आणि एक सिलिंडर अशी छापयंत्रं, आणि खिळे जुळवणारे पाच जुळारी. मी १९८३ साली त्यात आलो. पुढे संगणकावर अक्षरजुळणी आली, ऑफसेट स्वस्त झालं, आणि १९९४ साली मी वडाळ्याला गाळा घेऊन खोकी छापायला लागलो: औषधांची, मिठाईची. खोक्यांचं काम चाललं. तेव्हाच खिळ्यांचा छापखाना आवरायला हवा होता, पण मी तो आणखी सात वर्षं ओढला. लग्नपत्रिका यायच्या, एखाद्या कवीला संग्रह खिळ्यांवरच हवा असायचा. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली पंचांग छापलं ते याच शहरात, जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला तोही इथेच, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या ओळीतलं शेवटचं घर आपलं, ते आपल्या हातून विझू नये, असं मनात घट्ट बसलं होतं. महिन्याचा तोटा वडाळ्याहून भरायचो आणि त्याला मी वडिलांचं ऋण म्हणायचो.

२००० साली एका औषध कंपनीची साठ हजार खोकी परत आली. झडपेवर बॅच नंबर छापायची मोकळी जागा उलट्या बाजूला कापली गेली होती. डायचं, म्हणजे खोकं कापायच्या साच्याचं, प्रूफ तपासणं माझं काम होतं, आणि ते ज्या दुपारी आलं त्या दुपारी मी गिरगावात एका कवितासंग्रहाचे फर्मे वाचत बसलो होतो. घाईत सही करून पाठवलं. वेळ नव्हता असं नाही, तासभर होताच. लक्ष गिरगावात होतं. म्हणून तुम्ही ‘आठवड्यातले तीन दिवस त्रैमासिकाला, तीन पुस्तिकांना’ असं लिहिता तेव्हा मला धास्ती वाटते. दिवस वाटता येतात, मन वाटून देता येत नाही. ज्या कामाची काळजी रात्री झोपू देत नाही ते खरं काम, दुसरं उरलेल्या डोक्याने होतं. तुमच्या पत्रात पुस्तिकांबद्दल सहा ओळी आहेत आणि त्रैमासिकाबद्दल चार पानं.

त्या साठ हजार खोक्यांच्या नुकसानीनंतर छापखाना बंद करायचं ठरलं तेव्हा माझ्या हातात काही उरलं नव्हतं. पाच जुळारी, त्यातले तिघे वडिलांच्या वेळचे, पंचवीस-तीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेले. त्यांना द्यायची रक्कम मी तीन वर्षं हप्त्याहप्त्याने दिली. आमचे सर्वांत ज्येष्ठ जुळारी, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, त्यांच्या मुलीचं लग्न त्याच मे महिन्यात होतं. मी त्यांना देण्यातला तिसरा हिस्सा देऊ शकलो. ते एक शब्द बोलले नाहीत. १९९७ साली बंद केलं असतं तर सगळी रक्कम एकाच दिवशी हातात ठेवता आली असती. खिळ्यांवरच्या प्रेमापायी मी चार वर्षं जास्त काढली, आणि त्या चार वर्षांचं बिल अण्णांनी भरलं.

आता तुमचं बिल मांडू. तुम्ही दिलेले आकडेच घेतो.

एका अंकाचा खर्च छपाई, मानधन, मांडणी आणि टपाल धरून दोन लाख चाळीस हजार. वर्षाचे नऊ लाख साठ हजार. वर्गणी सहा लाख नव्वद हजार, दिवाळी अंकाच्या जाहिराती साठ हजार. म्हणून तूट दोन लाख दहा हजार. हिशेब बरोबर आहे, पण त्यात तुम्ही कुठेच नाही. वर्षाला दीडशे दिवस तुम्ही त्रैमासिकाला देता. दिवसाचे दोन हजार रुपये इतकी साधी मजुरी धरली तरी तीन लाख होतात. खरी तूट पाच लाख दहा हजारांची आहे. मैत्रिणीचे दिवस त्यात अजून धरलेलेच नाहीत.

त्याहून महत्त्वाचा आकडा तुमच्या पत्रात नाहीच. वर्गणी तुम्ही जमेच्या बाजूला लिहिता. वर्गणी ही उचल आहे, ताई. जो अंक अजून दिला नाही त्याचे पैसे वाचकाचेच असतात, ते फक्त तुमच्याकडे ठेवलेले असतात. जुलैचा अंक गेला. सरासरी प्रत्येक वर्गणीदाराचे दोन अंक देणं आहेत असं धरा. अंकाला १५० रुपये, म्हणजे ११५० गुणिले ३००, तीन लाख पंचेचाळीस हजार. मागच्या दोन अंकांचं मानधन एक लाख वीस हजार थकलंय, असं तुम्हीच लिहिलंय. छापखान्याचं बिल एक लाख तेहेतीस हजार. एकूण पाच लाख अठ्ठ्याण्णव हजार, आणि बँकेत ऐंशी हजार. म्हणजे आज संध्याकाळी बंद करायचं म्हटलं तरी पाच लाख अठरा हजार लागतील. जानेवारीत नव्या वर्गण्या आल्या की खात्यात पैसे दिसतील आणि जिवात जीव येईल, पण त्या दिवशी देणंही तेवढ्यानेच वाढलेलं असेल. बहुतेक मासिकं याच भोवऱ्यात अडकतात. नव्या वाचकाच्या पैशाने जुन्या वाचकाचा अंक निघतो, आणि शेवटी ज्याने पैसे भरले त्याला काही मिळत नाही.

म्हणून आजपासून एकही नवी वर्गणी घेऊ नका, नूतनीकरणही नाही. पुण्याच्या एखाद्या शाळेने पन्नास वर्गण्या एकदम भरायची तयारी दाखवली तरी नाही. हे सगळ्यात जड जाईल, आणि तरी पहिलं हेच.

मग दिवाळी अंक कशाला काढायचा, असं तुम्हाला वाटेल. त्याचाही हिशेब करून पाहिला. दिवाळी अंक काढायला दोन लाख चाळीस हजार, त्यातून साठ हजारांच्या जाहिराती वजा, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. तो काढला नाही तर त्या एका अंकाचे एक लाख बहात्तर हजार पाचशे वर्गणीदारांना परत द्यावे लागतील. फरक साडेसात हजारांचा. पैसे परत करण्याच्या आणि अंक देण्याच्या खर्चात इतकाच फरक असेल तर अंक द्यावा. वाचकाला निरोप कागदावर मिळतो, लेखकांना शेवटचं एकदा छापून येतं, आणि तुम्हाला तीन महिने मिळतात. दिवाळीनंतरच्या उरलेल्या एका अंकाचे पैसे मात्र परत द्यायचे. प्रत्येकाला विचारा: पैसे हवेत, जुने अंक हवेत, की तेवढ्या किमतीच्या पुस्तिका? माझ्या अनुभवात बरेच वाचक पैसे मागत नाहीत. पण न विचारता तसं धरून चाललेल्या संपादकांबद्दल लोक वीस वर्षांनीही वाईट बोलतात.

पाच लाखांचा खड्डा कुठून भरायचा? पुस्तिकांच्या नफ्यातून, पण एकदाच. वर्षअखेरीला नफ्यातला स्वतःचा हिस्सा म्हणून एक रक्कम काढा, वहीत तशी लिहा, त्रैमासिकाच्या खात्यात टाका आणि विषय संपवा. आता तुम्ही करता तसं नको, म्हणजे इकडे कागदाचे वीस हजार, तिकडे टपालाचे सात हजार. तसं केल्याने पुस्तिकांचं काम खरोखर किती कमावतं हे तुम्हालाच कळत नाही. तीस शाळांसाठी उद्या बँकेकडे कर्ज मागायला गेलात तर तिथल्या माणसालाही कळणार नाही. शाळांनी आगाऊ दिलेल्या रकमेला तर यासाठी हातच लावू नका. तीसुद्धा उचलच आहे, आणि एका वाचकाची उचल दुसऱ्याच्या उचलीतून फेडली तर भोवरा तोच राहतो, फक्त घर बदलतं.

पुस्तिकांना तुमची किती गरज आहे तेही बोलू, कारण पत्रात त्याचा उल्लेख ओझरता आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या आणि सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीत सुरुवात झाली आणि मग वर्षावर्षाने वरच्या इयत्तांत. ज्या घरांत मराठीचा एक शब्द बोलला जात नाही तिथली मुलं आता मराठी शिकताहेत. पवईत, ठाकूर व्हिलेजमध्ये, घोडबंदर रोडला. अशा मुलांसाठी चांगलं साहित्य करणारे फार कमी आहेत. बाजारात मिळतं ते बरंचसं व्याकरणाच्या घोटीव तक्त्यांचं. तुमच्या पुस्तिकेचा नमुना मी पाहिला. भाजीवालीशी बोलण्याचा तो पाठ, ज्यात मुलाला पावशेर आणि अर्धा किलो यांतला फरक पिशवी उचलून कळतो, तो नऊ वर्षं मुलांसाठी अंक काढलेल्या माणसालाच सुचतो. त्रैमासिकात जे शिकलात ते इथे उतरलंय. फरक इतकाच की त्रैमासिक ज्या घरांत जातं तिथे मराठी आधीच आहे, आणि पुस्तिका जातात तिथे ती आत्ता पाऊल टाकतेय.

या कामाचं वेळापत्रकही त्रैमासिकाला सोसणारं नाही. शाळांची पुस्तकांची यादी डिसेंबर ते फेब्रुवारीत ठरते. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनमध्ये. म्हणजे जानेवारीत शाळांच्या पायऱ्या चढायच्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये छपाईवर उभं राहायचं, जून-जुलैत पैसे वसूल करायचे. तुमचे अंक निघतात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि दिवाळीत. चारांतले तीन थेट आडवे येतात. यंदा एका शाळेला पुस्तिका अठरा दिवस उशिरा गेल्या असं तुम्ही लिहिलंय. चौदा शाळांत अशी एक निघते तेव्हा मुख्याध्यापिका सांभाळून घेतात. तीस शाळांत चार-पाच निघतील, आणि पुढच्या डिसेंबरच्या यादीत त्यांतली एकही दिसणार नाही.

वर्षातून फक्त दिवाळी अंक चालू ठेवू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. यावर मी बराच विचार केला, कारण उदाहरण आमच्या शेजारचं आहे. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झालं. मराठी कथा-कवितेच्या दोन-तीन पिढ्या त्या मासिकावर वाढल्या, आणि ते बंद झाल्याचं लोकांना फार लागलं. पण ते काढणाऱ्या मौज प्रकाशनाचं गिरगावच्या खटाववाडीतलं काम थांबलं नाही, पुस्तकं निघत राहिली, दिवाळी अंकही निघत राहिला. म्हणजे तुम्ही म्हणता तसं होऊ शकतं. पण तिथे मागे एक उभं प्रकाशनगृह होतं, स्वतःचा छापखाना होता, माणसं होती. तुमच्याकडे तुम्ही दोघी. मुलांच्या ‘किशोर’चं उदाहरण लोक देतात, तर त्यामागे १९७१ पासून बालभारती आहे. एकट्यादुकट्याने वर्गणीवर मुलांचं नियतकालिक नऊ वर्षं चालवणं हेच मुळात मोठं काम आहे, ते तोट्यात गेलं म्हणून तुम्ही कुठे कमी पडलात असं समजू नका. पुढचं एक पूर्ण वर्ष काहीही काढू नका. दिवाळी अंकही नको. एक दिवाळी रिकामी जाऊ द्या. त्यानंतर पुस्तिकांचं काम तुमच्याशिवाय आठ दिवस चालू शकत असेल, आणि तेव्हाही हात शिवशिवत असेल, तर नव्या हिशेबाने वार्षिक अंक काढा. यंदा ‘आता वर्षातून एकदाच भेटू’ असं छापून वचन देऊ नका.

आता मैत्रीण. इथे मी सगळ्यात जास्त चुका होताना पाहिल्यात.

तिला बंद करायचं नाही, याचा अर्थ तिला चालवायचंय असा लगेच धरू नका, पण तसा असू शकतो. आधी वर मांडलेला हिशेब तिच्यासमोर ठेवा. चहा पिताना तोंडी नको, कागदावर, सगळ्या देण्यांसकट. मग सरळ विचारा: तू घेतेस का? ती हो म्हणाली तर मनापासून द्या. नाव, वर्गणीदारांची यादी, जुने अंक, सगळं, आणि वर्गणीदारांचं देणंही तिच्याकडे. हे सगळं लेखी करा. मालकी बदलल्याची नोंद नियतकालिकांची नोंदणी करणाऱ्या प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे करावी लागते. १८६७ च्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आलाय आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. आणि एकदा दिलं की ‘सल्लागार संपादक’ म्हणून नाव ठेवू नका. तिचा पहिला अंक तुम्हाला आवडणार नाही. तो तिचा असेल, एवढं पुरे.

ती नाही म्हणाली, किंवा आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर भागीदारी विसर्जित करायची. दोघींचीच भागीदारी असेल आणि एकीने सोडली तर ती संपतेच. करारात मुदत नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एका भागीदाराने लेखी नोटीस दिली की पुरतं. पण तिथे थांबू नका. जाहीर नोटीस दिली नाही तर एकीने उद्या भागीदारीच्या नावाने कागद उधार आणला, त्याची जबाबदारी दुसरीवरही येते. संस्था नोंदणीकृत असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे, राजपत्रात आणि एका मराठी वर्तमानपत्रात ही नोटीस जाते. जीएसटी क्रमांक असेल तर तो रद्द करून तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरावं लागतं. लोक हे विसरतात आणि वर्ष-दोन वर्षांनी नोटीस येते. हे तुमच्या सीएला आत्ताच सांगून ठेवा.

मैत्री टिकेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रभर ते जाणवतं. दोन भागीदारांत पैसे बुडाले म्हणून अबोला धरलेला मी कमी पाहिला. एकीने आधीच मनात ठरवलं होतं आणि दुसरीला सहा महिन्यांनी कळलं, त्यावरून तुटलेलं जास्त पाहिलंय. तुम्ही हे पत्र मला लिहिण्याआधी तिला दाखवायला हवं होतं. आता निदान उत्तर दाखवा.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली दिसत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. नऊ वर्षांतल्या गोष्टी आणि चित्रं पुस्तिकांत वापरायचा विचार तुम्ही लिहिलाय, ‘निदान ते वाया जाणार नाही’ म्हणून. तसं करू नका, निदान न विचारता करू नका. लेखकाशी लेखी हस्तांतरण झालं नसेल तर हक्क लेखकाचेच आहेत, तुम्हाला फक्त त्या अंकात छापायची परवानगी होती. लेखी झालं असेल पण मुदत घातली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. म्हणजे पहिल्या तीन-चार वर्षांतलं साहित्य तेव्हाही तुमच्या हातून सुटलेलं आहे. प्रत्येकाला विचारा, नव्याने मोबदला द्या. ज्यांचं मानधन थकलंय त्यांच्याकडे परवानगी मागायला जाण्याआधी ते मानधन पोचतं करा. त्रैमासिकाचं नाव मात्र सांभाळा. ट्रेडमार्क नोंदवला असेल तर तो दहा वर्षांचा असतो आणि नूतनीकरण करता येतं, पण सलग पाच वर्षं वापरलंच नाही तर तो काढून टाकावा म्हणून ज्याला त्याची अडचण होते असा माणूस अर्ज करू शकतो. त्या नावाची एखादी पुस्तिका-मालिका काढलीत तर नाव जितं राहील.

अंकांचे पूर्ण संच बाजूला काढा. किमान सहा. एक टाऊन हॉलमधल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात आहे का ते स्वतः जाऊन पाहा. कायद्याने प्रत पाठवायची असते, पण मधले अंक राहून जातात. एक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात द्या. उरलेल्या सुट्या प्रती रद्दीत घालण्याआधी पालिकेच्या शाळांना विचारा, घेतात.

अण्णांचं आणखी थोडं सांगतो, कारण तुमचा तिसरा प्रश्न वाचताना तेच आठवत होतं. २००१ च्या जूनमध्ये खिळे भंगारवाल्याला द्यायचे ठरले. शिसं, अँटिमनी, कथील, वितळून जाणार. आठशे चाळीस किलो भरले. भंगारवाला सकाळी नऊला येणार होता. आदल्या संध्याकाळी टेबलावर एक पान जुळवलेलं तसंच राहिलं होतं, शेवटच्या लग्नपत्रिकेचं. मी म्हटलं, राहू द्या, उद्या सगळं एकाच पोत्यात जायचंय. अण्णांनी ऐकलं नाही. चष्मा पुसला, सुतळी सोडली, आणि एकेक ओळ डाव्या हातात घेऊन खिळे परत आपापल्या खणात टाकत बसले. काना कान्याच्या खणात, वेलांटी वेलांटीच्या, कोरी जागा सोडायचे बिनअक्षराचे तुकडेसुद्धा त्यांच्या जागी. पाऊस होता, दिवे दोनदा गेले. साडेआठला त्यांनी खिळ्यांच्या खणांची केस आत सरकवली, हात रॉकेलच्या फडक्याला पुसले आणि छत्री घेतली.

मुलांना खरं सांगा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ‘काही तांत्रिक कारणाने’ असलं लिहू नका, ती भाषा त्यांना कळत नाही आणि ज्यांना कळते त्यांना ती खोटी वाटते. दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर, मागच्या कव्हरवर नको, तुम्ही दोघींनी सही करून लिहा: हा शेवटचा अंक, अंक काढायला जेवढे पैसे लागतात तेवढे जमत नाहीत, आणि आम्हाला दुसरं एक काम मनापासून करायचंय. जी गोष्ट क्रमशः चालू आहे ती या अंकात पुरी करा, त्यासाठी आठ पानं वाढली तरी चालतील. शब्दकोड्याचं उत्तर पुढच्या अंकात असतं ना तुमच्याकडे? या वेळी याच अंकात द्या. आणि आलेल्या प्रत्येक पोस्टकार्डाला उत्तर लिहा. तुम्ही लिहिलंय की टेबलाच्या खणात दोनशेच्या वर पडलीत. रोज पाच लिहिलीत तर दिवाळीच्या आत होतात.

छपाईच्या वेळी नेहमीच्या चौदाशे प्रतींऐवजी सोळाशे काढा. शेवटचा अंक म्हटल्यावर मागणी येते, आणि वाढीव दोनशे प्रतींचा खर्च फक्त कागद-शाईचा असतो. माझ्याकडे छापलात तर त्या दोनशेचा कागद माझा.